लातूरच्या उन्हाळ्यात लीफ-टेल्ड गेको: आधी खोली, मग पेटी, मग झाडं

प्रश्न लातूरहून आला आहे. थोडक्यात असा: तळमजल्यावरचं स्लॅबचं घर, ४५×४५×६० सेंटिमीटरची काचेची पेटी करून घेतलेली, तिच्यात सॅटॅनिक लीफ-टेल्ड गेकोची, म्हणजे पानासारख्या शेपटीच्या पालीची, जोडी ठेवायची आहे. झाडं कोणती लावू, माती कोणती घालू, खोलीत कूलर आहे तो पुरेल का, बोअरचं पाणी फवारलं तर चालेल का, आणि शेतात मायंदाळ गोगलगायी आहेत त्या खायला घालता येतील का.

झाडांचं शेवटाकडे सांगतो, कारण ते सगळ्यांत सोपं आहे. प्रश्न वाचताना माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती कूलरपाशी.

हा गेको मादागास्करच्या पूर्वेकडच्या पावसाळी जंगलातला. तिथलं रानोमाफाना राष्ट्रीय उद्यान साधारण ६०० ते १४०० मीटर उंचीवर आहे. लातूरही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या पुढेच आहे आणि विषुववृत्तापासूनचं अंतरही दोन्हीकडे फार वेगळं नाही. फरक वाऱ्याचा आहे. तिकडे आग्नेयेचे वारे समुद्रावरून येऊन डोंगराला थडकतात आणि जवळजवळ वर्षभर पाऊस देतात. आपण सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत. त्यामुळे हा प्राणी उष्ण कटिबंधातला असूनही त्याला गरमी सोसत नाही. दिवसा २२ ते २५ अंश, रात्री १८ ते २१, एवढ्यात तो सुखी असतो. २८ च्या वर काही तास गेले की हाल सुरू होतात, आणि ३० च्या वर दिवसभर राहिला तर बहुधा हातातून जातो. दिवसा जागा दिसला, तोंड उघडं ठेवून बसला, फांदी सोडून तळाला उतरला, तर समजा की आधीच उशीर झालाय.

आता कूलरचा हिशेब. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून, माठात पाणी गार होतं तसंच. बाहेर ४२ अंश आणि हवेत आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या बल्बाचं तापमान, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, साधारण २४ येतं. कितीही चांगला कूलर असला, वाळ्याची ताटी लावली, तरी त्या २४ च्या खाली तो जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात घरगुती कूलरमधून येणारी हवा २७-२८ ची असते, आणि खोलीच्या कोपऱ्यात त्याहून जास्त. माणसाला ती झुळूक वाटते, गेकोसाठी ती धोक्याची रेघ आहे. शिवाय जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ढग येतात, हवा दमट होते, पण गरमी उतरलेली नसते. तेव्हा कूलर नुसताच पंखा होतो. मराठवाड्यात हा प्राणी मे महिन्यात मरतो असं लोक समजतात, मला मात्र जूनचे ते दिवस जास्त भीतीचे वाटतात.

म्हणजे एसी लागणार. तोही दुपारपुरता नाही. मार्चच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत रात्रंदिवस लागणार, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. ज्यांच्याकडे अजून जुनं माळवदाचं घर आहे, रुंद भिंतींचं, वर पांढऱ्या मातीचा थर असलेलं, त्यांना हे निम्म्या खर्चात जमतं. पण तुमच्या भागात १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या जड घरांवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि सिमेंटचं बांधकाम वाढलं, त्याला कोण नाव ठेवणार. पत्र्याच्या खोलीत मात्र हा बेतच करू नका. स्लॅबच्या घरात उत्तरेकडची, पश्चिमेची भिंत उन्हात नसलेली, सगळ्यांत लहान खोली निवडा. लहान खोली म्हणजे कमी वीज.

वीज गेली तर? घरच्या साध्या इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, हे आधीच डोक्यात ठेवा. म्हणून पेटीच्या मागच्या आणि दोन बाजूच्या काचांना बाहेरून दोन इंची थर्माकोल लावा आणि खिडकीला आतून जाड पडदा. खोली २३ वर असताना वीज गेली तर दोन-तीन तास निभावतात. फ्रीजमध्ये एक-एक लिटरच्या बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवा. झाकणाच्या जाळीवर टॉवेलात गुंडाळून ठेवलेली एक बाटली आतली हवा चांगली उतरवते, कारण गार हवा खाली बसते. त्याहून लांबलं तर भोकं पाडलेला थर्माकोलचा डबा, आत ओला टिश्यू, एका कोपऱ्यात गुंडाळलेली बाटली, आणि प्राणी त्यात. लातूरला वीज किती जाते ते तुम्हीच मला सांगाल.

माझा सल्ला म्हणून एवढाच: पेटी आता भरा, झाडं लावा, सगळं चालू करा, आणि एक अख्खा उन्हाळा ती रिकामी चालवा. आत कमाल-किमान लक्षात ठेवणारे दोन डिजिटल मीटर ठेवा, एक वर, एक पाल्याजवळ. रोज संध्याकाळी आकडे वहीत लिहा. एप्रिल, मे आणि जूनमध्ये वरच्या मीटरची कमाल २६ च्या पुढे गेली नाही, तर दिवाळीनंतर प्राण्याचा विचार करा. गेली, तर हौस झाडांवर भागवा. नुसत्या झाडांची पेटीही देखणी असते, आणि तिला ३२ अंश चालतात. स्वस्त मीटर आर्द्रता वाटेल ती दाखवतात, म्हणून आधी तपासून घ्या. बरणीत मिठाचा ओलसर लगदा ठेवा, मीटर मिठाला न टेकता आत ठेवून झाकण घट्ट लावा. आठ-दहा तासांनी ७५ टक्के दिसायला हवेत. जेवढा फरक तेवढा पुढे धरून चालायचा.

कागदांचंही याच वेळात होऊ द्या. युरोप्लॅटस या लीफ-टेल्ड गेकोंच्या वंशातल्या सगळ्या प्रजाती २००४ च्या बँकॉक परिषदेत साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये गेल्या. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अशा यादीतला जिवंत प्राणी ताब्यात असेल तर त्याची नोंद बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती परिवेश या सरकारी पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायची. विकणाऱ्याकडे प्राणी कुठून आला याचा कागद नसेल, ‘नंतर करू’ म्हणत असेल, तर तिथेच राम राम करा. कायदा बाजूला ठेवला तरी बिनकागदाचा लीफ-टेल्ड म्हणजे बहुतेक वेळा रानातून धरलेला, तहानलेला आणि पोटात जंतांचा कारखाना घेऊन आलेला जीव. नोंद असलेला, बंदिस्त जन्माचा मिळाला तरच घ्या, आणि मिळेपर्यंत थांबा.

प्रजातीबद्दल एक शब्द. तुमच्या पेटीत सॅटॅनिकची जोडी मावते, कारण तो जेमतेम बोटाएवढा, शेपटीसकट नऊ-दहा सेंटिमीटरचा. सुकलेल्या पानासारखी शेपूट, कडेला कुरतडल्यासारखी खाच. पण सगळ्यांत हळवाही हाच. याच वंशातला हेन्केली जरा सोशिक आहे, २७ पर्यंत निभावून नेतो. तो मात्र वीतभराहून मोठा होतो, त्याला निदान ६०×६०×९० ची उभी पेटी हवी. हेन्केली आणि फिम्ब्रिएटस यांसारखे मोठे खोडावर उलटे, डोकं खाली करून झोपतात, अंगाच्या कडेची झालर सालीला चिकटवून देतात. त्यांना मनगटाएवढ्या जाड उभ्या फांद्या लागतात. सॅटॅनिकला पेन्सिलीएवढ्या काटक्या, लोंबणारी वाळकी पानं आणि खाली पाल्याचा थर.

पेटी समोरून उघडणारी, दाराखाली हवेची पट्टी आणि वर जाळी, अशी असावी. आपल्याकडे अख्खं झाकण जाळीचं ठेवलं तर एसीची कोरडी हवा तासाभरात सगळी ओल पिऊन टाकते. जाळीचा पाऊण भाग काचेने झाका. पावसाळा लागला की उलट करा, काच सरकवून निम्मी जाळी मोकळी करा आणि कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा टायमरवर दर तासाला दहा मिनिटं फिरू द्या. या प्राण्याला ओल हवी, कोंदट नको. रात्री ८०-९० टक्के, दुपारपर्यंत ६०-७० वर उतरलेली, पानं सुकलेली, पुन्हा संध्याकाळी भिजलेली, असा उतार-चढाव हवा. सतत ओलं राहिलं तर फुफ्फुसाचा संसर्ग होतो. अॅक्वेरियमवाल्याकडून पेटी केली असेल तर सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत आत काहीच घालू नका.

दिवे एलईडीचे, साडेसहा हजार केल्विनचे, बारा तास. ते झाडांसाठी. सोबत दोन ते पाच टक्क्यांची सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी जाळीवर ठेवली तर उत्तम. उष्णतेचा बल्ब मुळीच नको. दुकानदार ‘सरपटणारा प्राणी आहे, बास्किंग, म्हणजे दिव्याखाली शेकणं, लागतंच’ म्हणेल. त्याने कासवं विकलेली असतात.

पाण्याचं सरळ आहे: बोअरचं नको. तुमच्याकडच्या खोल बोअरचं पाणी जड असतं. चार दिवसांत काचेवर पांढरे डाग, महिन्यात नोझल बंद, आणि मातीत क्षार साठून नेच्यांची टोकं करपतात. घरी आरओ असेल तर त्याचं, नाहीतर गल्लीतल्या प्लांटवरचा वीस लिटरचा जार आणा आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने ५० च्या आसपास आहे का बघा. चार महिने गच्चीवरचं पावसाचं पाणी धरून ठेवलंत तर फार छान, पहिल्या दोन पावसांचं सोडून. एसीच्या नळीतून गळणारं पाणी फुकटचं आणि मऊ असतं, पण ते धातूच्या कॉइलवरून, धुळीतून येतं. ते फरशी पुसायला वापरा.

फवारणी दिवसातून दोनदा, सकाळी थोडी, दिवे बंद होताना भरपूर. हे वाटीतलं पाणी सहसा पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. मिस्टिंगचे परदेशी संच महाग पडतात, पण मराठवाड्यात त्याची गरजच नाही. ठिबकच्या दुकानात पॉलिहाऊसचे बारीक फॉगर नोझल मिळतात. आरओ यंत्राचा २४ व्होल्टचा बूस्टर पंप, पाव इंची नळी आणि टायमर जोडला की काम झालं. तुषार बारीक पडला पाहिजे, गेकोच्या अंगावर धार नको. आणि शेतातला फवारणीचा पंप, ‘तीनदा धुतलाय’ असं कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी, या खोलीच्या उंबऱ्याआत आणू नका. डासांची कॉइल, पेस्ट कंट्रोल, धूप यांनाही तोच नियम.

तळाला पाच-सहा सेंटिमीटर निचऱ्याचा थर. मातीच्या भाजलेल्या गोळ्या महाग वाटल्या तर वीटभट्टीवरची पक्की वीट फोडून, धुवून घाला, काहीच फरक पडत नाही. त्यावर नायलॉनची मच्छरजाळी, त्यावर आठ-दहा सेंटिमीटर मिश्रण. आपली काळी माती चुकूनही नको. भिजली की फुगते, हवा कोंडते, सुकली की भेगा पडतात, कापसाला चांगली म्हणून इथे चांगली नाही. मी चार भाग कोकोपीट, दोन भाग सालीचे तुकडे, दोन भाग कुजलेला पाला, एक भाग लाकडी कोळशाचा चुरा आणि एक भाग जाड वाळू घेतो. कोकोपीटमध्ये मीठ असतं. आरओच्या पाण्यात भिजवून पिळायचं, पिळलेलं पाणी टीडीएस मीटरने मोजायचं, आणि आकडा खाली येईपर्यंत तेच करत राहायचं. शेणखत, गांडूळखत नको. ही झाडं वाढवायची घाई कोणाला आहे?

वर पाला. जांभूळ, वड, देशी बदाम, किनवट-माहूरकडचा साग, सगळं चालतं. कडुलिंब टाळा, त्याचा परिणाम मातीतल्या किड्यांवर होतो. मोसंबी-आंब्याच्या फवारलेल्या बागेतला पाला घेऊ नका. आणलेला पाला उकळून, उन्हात वाळवून घ्या. या पाल्यात स्प्रिंगटेल आणि बारीक आयसोपॉड, म्हणजे कुजकं खाणारे इवलेसे जीव, सोडायचे. हे पेटीचे झाडूवाले, विष्ठा आणि बुरशी तेच संपवतात. स्प्रिंगटेल कोळशावर चार दाणे तांदूळ टाकून डब्यात सहज वाढतात. गेको येण्याआधी निदान दोन महिने त्यांना मोकळं रान द्या. मुंग्या मात्र सगळ्यांचा फडशा पाडतील, तेव्हा टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, पूर्वी दुभत्याच्या कपाटाला ठेवायचे तशा.

फांद्या पेरूच्या घ्या. चिवट असतात, ओलीतही लवकर कुजत नाहीत. मोठ्या प्रजातीला उभा बांबूही चालतो. बहुतेक आधार उभे आणि तिरके ठेवा, आडवे थोडे.

आता झाडं. मनीप्लांट, सिंगोनियम, फायकस प्युमिला मागच्या भिंतीवर, पेपरोमिया, एक-दोन नेचे, खाली जावा मॉस. मादागास्करचंच काही हवं असेल तर ड्रॅसिना: नर्सरीत ‘साँग ऑफ इंडिया’ म्हणून जे विकतात ते मूळ तिकडचं आणि आसपासच्या बेटांचं आहे. मोठ्या प्रजातीला मऊ झाडं टिकत नाहीत, ती मोडून पडतात. तिथे ड्रॅसिना आणि स्नेक प्लांट बरे. झाड कोणतं यापेक्षा ते कुठून आलं हे महत्त्वाचं. नर्सरीच्या रोपात मुळातून भिनणारं कीटकनाशक असतं आणि कुंडीत रंगीत खताचे दाणे. सगळी माती धुवून काढा, पानं दोन्ही बाजूंनी पुसा, साध्या कोकोपीटमध्ये महिना-दीड महिना बाहेर ठेवा, मग पेटीत लावा. मागची आणि बाजूची भिंत दाट करा, मधे रिकामी जागा सोडा. रात्री शिकार करायला त्यांना उडी मारायला वाव हवा.

खाण्याचा प्रश्न आपल्याकडे खरा अवघड. मुख्य अन्न रातकिडे, तेही घरी वाढवलेले. दिव्यावर आलेले किडे धरून घालायचा मोह होतो, पण आजूबाजूला सोयाबीन-कापूस आहे, त्यांच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. आपल्याला एक गोष्ट मात्र इतरांपेक्षा सोपी आहे: जालना-बीडकडे, आता लातूरकडेही, रेशीमशेती आहे. रेशमाची अळी मऊ, पचायला हलकी, आणि तिचा पतंग तर हे गेको झेप घेऊन धरतात, कारण रात्री फडफडणारं काही दिसलं की ते थांबत नाहीत. रोगट म्हणून फेकलेल्या अळ्या नकोत. निरोगी अळ्यांची बॅच विकत मागा आणि शेडमध्ये शेवटची फवारणी कधी केली ते विचारा. रातकिड्यांना आदल्या दिवशी तुतीचा पाला, गाजर, शेवग्याची पानं खाऊ घाला. बहुतेक वेळा साध्या कॅल्शियमची पूड लावा, व्हिटॅमिन डी-३ असलेली महिन्यातून दोनदा. मादीला कॅल्शियम जास्त लागतं, ती एका वेळी साधारण दोन अंडी पाल्यात घालते.

गोगलगायींचं तुम्ही विचारलंत ते चुकीचं नाही. लीफ-टेल्ड गोगलगायी खरंच खातात आणि शंखातून त्यांना कॅल्शियम मिळतं. पण २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवला कोवळं सोयाबीन गोगलगायींनी फस्त केलं, तेव्हापासून बांधाबांधावर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पडतात. विष खाल्लेली गोगलगाय लगेच मरतेच असं नाही. शिवाय त्यांच्यात परजीवीही असतात. शेतातली एकही नको. फारच हौस असेल तर चार गोगलगायी वेगळ्या डब्यात पाळा आणि तिथे जन्मलेल्या पिढीतली लहान द्या.

प्राणी आला की थेट झाडांच्या पेटीत सोडू नका. साध्या डब्यात, तळाला टिश्यू, दोन काटक्या, प्लास्टिकचा वेल, असे साठ ते नव्वद दिवस. विष्ठा टिश्यूवर दिसते, किती खाल्लं ते कळतं. ताजा नमुना तपासायला उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. जंतांची तपासणी तिथल्या लोकांना नवी नाही, प्राणी नवा असेल एवढंच. औषधाची मात्रा मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरला विचारूनच. आठवड्याला एकदा दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा, हाताने न धरता, काटकीसकट डब्यात उतरवून. डोळे खोल गेले, कातडीला चुण्या पडल्या, तर पाणी कमी पडतंय. लागोपाठ दोन नमुने स्वच्छ आले आणि वजन धरून राहिलं, की संध्याकाळी दिवे बंद करून, फवारणी झाल्यावर, त्याच काटकीवर बसलेला असतानाच त्याला मोठ्या पेटीत ठेवा आणि पहिला आठवडा दार फक्त रातकिडे टाकायला उघडा.